अर्धांगवायूचा रुग्ण केव्हा आणि कशाने दगावतो?



वस्तीत कुणाला अर्धांगवायूचा झटका आला की आपण सारे धावतो. रिक्षा आणतो, रुग्णालय गाठतो, आळीपाळीने उशाशी बसतो. पेशंटने पहिले चार-पाच दिवस काढले की 'आता धोका टळला' म्हणून निर्धास्त होतो. आपला हा समज कितपत खरा, ते आज पाहू.

कॅनडातील टोरांटो येथील डॉक्टरांनी हजाराहून अधिक रुग्णांची पाहणी करून 1984 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत एक महत्त्वाची गोष्ट दिसली. रुग्णालयातील मृत्यू दोन लाटांनी येतात.

पहिली लाट पहिल्या आठवड्यातली. तिचे कारण मेंदूतच असते. कवटी हाडाची; ती ताणली जात नाही. आत रक्तस्राव झाला किंवा सूज आली की मेंदू खाली ढकलला जातो आणि श्वासाचे नियंत्रण करणाऱ्या भागावर दाब पडतो. रक्तस्रावाचे रुग्ण बहुधा पहिल्या तीन दिवसांत दगावतात. रक्ताची गुठळी अडकून झटका आलेल्यांत सूज हळूहळू वाढते. म्हणून त्यांना तिसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत धोका अधिक.

दुसरी लाट दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस वर चढते. तोवर मेंदूची सूज बहुधा उतरणीला लागलेली असते. रुग्ण जातो तो न्यूमोनियाने, पायातली गुठळी फुप्फुसात गेल्याने किंवा रक्तात जंतू पसरल्याने. म्हणजेच अंथरुणाला खिळल्याने. हृदयविकारानेही काही जण दगावतात.

या दुसऱ्या लाटेशी आपला, म्हणजे उशाशी बसणाऱ्यांचा, जवळचा संबंध आहे. झटक्याने अनेकांची गिळण्याची शक्ती मंदावते. आपण मायेने चमचाभर पाणी, घोटभर चहा पाजतो आणि तो अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. कधी ठसकाही लागत नाही. पुढे ताप येतो, छाती भरते.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील 19 रुग्णालयांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. परिचारिकांनी ताप, रक्तातील साखर आणि गिळण्याची क्षमता या तीनच गोष्टींवर काटेकोर लक्ष ठेवले. तीन महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी रुग्णांचे प्रमाण तेथे 42 टक्के होते. जेथे ही पद्धत नव्हती तेथे 58 टक्के. यात महागडे यंत्र कोणतेच नव्हते.

तेव्हा आपण काय करावे?

तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसताच वेळ लिहून ठेवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते.

गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नये. पाणी नाही, गोळीही नाही. नंतर परवानगी मिळाली तरी बसवूनच भरवावे. तोंड स्वच्छ ठेवावे. ठरावीक वेळाने कूस बदलावी. ताप आला तर लगेच सिस्टरला सांगावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने रुग्णाला लवकर हलते करावे.

पहिल्या लाटेपुढे कधी कधी निष्णात डॉक्टरांचेही हात टेकतात. दुसरी लाट मात्र पुष्कळदा अडवता येते. म्हणून पाचव्या दिवशी आपली पाळी संपली असे कुणी समजू नये. खरे काम तेव्हा सुरू होते. विद्यार्थी मित्रांनी एवढे घरोघरी सांगितले तरी आजच्या बोलण्याचे सार्थक झाले, असे आम्ही मानू.