सुगंधाचे आमंत्रण



बीदर, भालकी, औराद, आळंद या आपल्या सीमाभागात पावसाळ्यात पिकणारा जांब, ज्याला पुण्याकडे पेरू म्हणतात, दुरूनच घमघमतो. पण फळ चिरावे तो आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. ग्राहक ते टाकून देतो आणि बागवानाचे वर्षाचे श्रम मातीमोल होतात.

ही अळी फळमाशीची संतती होय. फळ पिकू लागले म्हणजे त्यातून गंधद्रव्ये वाऱ्यावर पसरतात. जो वास आपणांस बोलावतो, तोच मादीलाही वाट दाखवतो. ती सालीला बारीक छिद्र पाडून आत अंडी घालते. अळी एकदा गरात शिरली, की वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. पुढे फळ गळते, अळी मातीत जाऊन कोष करते आणि त्यातून नवी माशी बाहेर पडते.

परंतु गंध हीच या माशीची दुर्बलताही आहे. सिट्रोनेला गवताच्या तेलाकडे फळमाश्यांचे नर धावतात, असे बिहारमधील पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ हाउलेट यांनी 1912 साली नोंदविले. यामागचे द्रव्य मिथाइल युजेनॉल, हे त्यांनी 1915 साली दाखविले. आपल्या अंगणातील तुळशीतही ते असते. पॅसिफिक महासागरातील रोटा बेटावरून 1965 पर्यंत याच द्रव्याला विषाची जोड देऊन ही माशी नाहीशी करण्यात आली. नरच उरले नाहीत, तेव्हा वंश खुंटला.

रोटा हे चहूंकडून समुद्राने वेढलेले बेट होते. आपल्या बागांना केवळ बांध आहेत. मिथाइल युजेनॉलचा सापळा नरांनाच पकडतो. शेजारच्या मळ्यातून येणारी फळलेली मादी त्याला जुमानत नाही. म्हणून एकट्याने सापळा टांगून भागत नाही. सगळ्या शिवाराने एकाच वेळी टांगावेत. गळलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत. पाड लागताच आंबा उतरवून आढीत पिकवावा. जांबाचा मृगबहार धरावा, म्हणजे फळे हिवाळ्यात येतात आणि उपद्रव पुष्कळ कमी होतो.

एका झाडाखाली कुजणारी फळे साऱ्या गावाचे नुकसान करतात. माशीला बांध ठाऊक नाही. तेव्हा तिच्यापुरता तरी आपणही तो विसरलेला बरा.