मुदतीचा कागद आणि कामगाराचा हक्क

(जबलपूरच्या महाराजपूर भागात मराठी भाषक कामगारांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संकलित भाग)

आजच्या वर्गासाठी मला दिलेला विषय वरवर पाहता कारकुनाच्या टेबलावरचा वाटेल. परदेशात तात्पुरत्या परवान्यावर राबणाऱ्या कामगाराच्या परवान्याचे नूतनीकरण! अर्ज, शुल्क, शिक्का आणि पुढची तारीख. यात कामगार वर्गाचा प्रश्न आला कोठून, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, त्या कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा तो कागद वाढवून घेण्याचे बळ कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न आहे. ते बळ मालकाच्या हाती असेल तर कामगाराची मजुरी, त्याची तक्रार आणि त्याची घरी परतण्याची वाटही मालकाच्या हाती जाते.

जबलपूरच्या कामगाराला हे समजावून सांगण्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नाही. 1904 सालची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिलेली खमरियाची आयुध निर्माणी, 1969 सालची व्हेइकल फॅक्टरी यांच्या भोंग्यांवर या शहराचे घड्याळ चालत आले. येथील मराठी घरांतही 'सरकारी कायम नोकरी' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या भरवशाने उच्चारला गेला. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडीत काढण्यात आले, त्याच्या जागी सात कंपन्या उभ्या केल्या गेल्या आणि कायम कामगार या कंपन्यांत 'मानीव प्रतिनियुक्ती'वर असल्याचे ठरविण्यात आले. मुदत आरंभी दोन वर्षांची होती. पुढे ती वाढविण्यात आली. मुदत संपत आली की घराघरांत काय बोलले जाते, हे येथे बसलेल्यांना मी सांगण्याचे कारण नाही. कर्जाचा हप्ता, मुलीचे शिक्षण, निवृत्तिवेतन, सारे एका तारखेपाशी येऊन थांबते. आता हीच तारीख परक्या मुलुखात, परक्या भाषेत, संघटना करण्याची मुभा नसताना दरवर्षी समोर उभी राहते अशी कल्पना करा. आखातात गेलेल्या आपल्या कामगाराची स्थिती तुमच्या ध्यानात येईल.

तीन पौंडांचा परवाना

ही रीत आजची नाही. नाताळच्या ऊसमळ्यांत आणि कोळशाच्या खाणींत हिंदी मजूर पाच वर्षांच्या गिरमिटावर नेले जात. पहिल्या वर्षी त्यांची मजुरी महिना दहा शिलिंग असे. पाच वर्षे संपल्यावर मजूर मोकळा होई आणि थोडी जमीन कसू लागे किंवा लहानसा धंदा काढी. मळेवाल्यांना हे खपले नाही. 1895 साली नाताळच्या सरकारने कायदा केला, की गिरमीट संपलेल्या मजुराने एक तर मायदेशी परतावे, नाही तर पुन्हा गिरमीट लिहून द्यावे, आणि दोन्ही नको असेल तर दरसाल तीन पौंड भरून राहण्याचा परवाना घ्यावा. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग, म्हणजेच पहिल्या वर्षाच्या दराने सहा महिन्यांची मजुरी! पुढे 1903 साली वयात आलेल्या मुलांवरही हाच बोजा लादला गेला.

या कायद्याचा हेतू तिजोरी भरण्याचा नव्हता. परवान्याचे पैसे भरणे अशक्य झाले, की मजूर आपण होऊन गिरमिटाच्या जोखडाखाली परत येईल, हा त्यातला हिशेब होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1910 साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात नाताळसाठी होणारी गिरमिटी भरती थांबविण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. 1912 साली ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले आणि हा कर रद्द करण्याची मागणी त्यांनी तेथील मंत्र्यांसमोर ठेवली. परंतु कर उठला तो 1913 च्या संपानंतर. न्यूकॅसलच्या कोळसाखाणींतले मजूर प्रथम बाहेर पडले, मागोमाग किनाऱ्यावरच्या ऊसमळ्यांतले हजारो मजूर उठले, आणि 1914 च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला. विनंतीने जो कागद हलला नाही, तो संपाने फाटला.

इकामा कोणाचा?

आता आपल्या काळाकडे येऊ. सौदी अरबस्तानात परदेशी कामगाराचा जो निवास-परवाना असतो त्याला इकामा म्हणतात. आपली माणसे 'अकामा' म्हणतात. त्याच्याबरोबर कामाचा परवानाही लागतो. दोन्हींचे नूतनीकरण मालकाने, म्हणजे कफीलने, करावयाचे असते. कामगाराचा आरोग्य-विमा मालकाने काढलेला असला पाहिजे, शुल्क भरलेले असले पाहिजे, तरच नवी तारीख मिळते.

कायदा काय सांगतो? सौदी कामगार कायद्याच्या 40 व्या कलमानुसार परवाना आणि इकामा यांचे शुल्क, त्यांच्या नूतनीकरणाचा खर्च आणि विलंबाचा दंडसुद्धा मालकाने सोसावयाचा आहे. कलम स्वच्छ आहे. पण 2018 पासून तेथील सरकारने परदेशी कामगारामागे आकारली जाणारी मासिक पट्टी चढवीत नेली. ज्या आस्थापनांत परदेशी कामगार स्थानिकांहून अधिक, तेथे ती 2018 साली दरमहा 400 रियाल, 2019 साली 600 आणि 2020 साली 800 झाली. म्हणजे एका माणसामागे वर्षाला 9,600 रियाल. बडी कंपनी हा खर्च सोसते. अडचणीत आलेला मालक किंवा मनुष्यबळ पुरविणारा दलाल एक तर तो कामगाराच्या पगारातून कापतो, नाही तर नूतनीकरणच टाळतो.

टाळले तर काय होते? चूक मालकाची, पण 'बेकायदा' ठरतो कामगार. बँकेचे खाते गोठते, घरी पैसे जात नाहीत. रस्त्यावर तपासणी झाली तर अटकेची भीती. गावी परतावे म्हटले तर वैध इकाम्याशिवाय देश सोडण्याचा परवाना सहजी मिळत नाही. ज्याला काम करता येत नाही आणि निघूनही जाता येत नाही, अशा माणसाला कोणत्या शब्दाने ओळखावयाचे? आणि त्याने तोंड उघडलेच, तर 'कामगार पळाला' अशी फिर्याद, ज्याला तेथे 'हुरूब' म्हणतात, मालकाच्या हाती असतेच.

2016 साली हे मोठ्या प्रमाणावर घडले. तेलाचे भाव कोसळले, सरकारी कंत्राटांची बिले थकली आणि सौदी ओगर ही प्रचंड बांधकाम कंपनी बुडू लागली. जेद्दा आणि आसपासच्या छावण्यांत हजारो भारतीय कामगार महिनोन्‌महिने पगाराविना अडकले. अन्नाची भ्रांत पडली आणि वकिलातीला शिधा पोचवावा लागला. अनेकांचे इकामे कंपनीने वाढवलेलेच नव्हते. भारताचे मंत्री जेद्दाला गेले, तेव्हा कोठे मालकाच्या संमतीवाचून बाहेर पडण्याची सोय झाली. कंपनी 2017 साली बंद पडली. कामगार परतले, पण थकलेल्या पगाराचा दावा मागे ठेवून. मुदत संपलेल्या कागदाने मजुरीचा हक्कही कसा दुबळा केला, हे यावरून दिसते.

यानंतर काही बदल झाले, ते नाकारण्याचे कारण नाही. कतारने 2020 साली नोकरी बदलण्यासाठी लागणारा मालकाचा ना-हरकत दाखला रद्द केला. सौदीत मार्च 2021 पासून नवे नियम आले. त्यांनुसार सलग तीन महिने पगार मिळाला नाही, किंवा इकामा अथवा कामाचा परवाना संपला, तर जुन्या मालकाच्या संमतीशिवाय कामगाराला दुसरीकडे जाता येते. पण याच नियमांतून घरकामगार, खाजगी वाहनचालक, माळी, गुराखी आणि शेतमजूर वगळले गेले. जे सर्वांत एकटे, तेच बाहेर! शिवाय संघटना आणि संप यांना जेथे मज्जाव आहे, तेथे कागदावरचा हक्क वापरण्याचे धैर्य एकट्या माणसाने आणावयाचे कोठून?

कोलोनचा धडा

हा दोष आखाताचाच, असे समजून समाधान मानू नका. पश्चिम जर्मनीने 1961 साली तुर्कस्तानशी करार करून 'पाहुणे कामगार' बोलाविले. करारात दोन वर्षांची मर्यादा होती. माणसे फिरती ठेवावयाची, मुळे रुजू द्यावयाची नाहीत, असे धोरण होते. 1964 साली ही मर्यादा काढली गेली, कारण शिकविलेला कामगार दर दोन वर्षांनी घालवून नवा शिकविणे कारखानदारांना परवडेना. कामगाराच्या हिताने जे झाले नाही, ते नफ्याच्या हिशेबाने झाले.

ऑगस्ट 1973 मध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात सुटीवरून उशिरा परतलेल्या सुमारे तीनशे तुर्की कामगारांना कामावरून काढण्यात आले. त्यांचे काम उरलेल्यांवर लादले गेले आणि तुर्की कामगारांनी संप पुकारला. बहुसंख्य जर्मन कामगार आणि कारखान्यातील कामगार-प्रतिनिधी मंडळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाही. आठवड्याभरात संप मोडला. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला तेलसंकटाच्या छायेत परदेशी कामगारांची भरतीच थांबविण्यात आली.

साथींनो, हा धडा मी मुद्दाम येथे सांगतो आहे. एकाच छताखाली, एकाच पट्ट्यावर काम करणारे दोन कामगार. एकाचे पोट तारखेला बांधलेले, दुसऱ्याचे नाही. दुसऱ्याने पहिल्याला परका मानले, तेथेच मालक जिंकला. आता जबलपूरकडे पाहा. कारखान्याच्या दारातून रोज आत जाणारा कंत्राटी मजूर, ज्याचा प्रवेशपास कंत्राटदाराच्या सहीने वाढतो आणि कंत्राट बदलले की रद्द होतो, त्याच्या प्रश्नावर आपल्या कायम कामगारांच्या सभा किती झाल्या? हा प्रश्न मी आरोप म्हणून विचारीत नाही. मीही या हिशेबात आहे.

मागणी आणि काम

मागणी कोणती करावयाची? 1975 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 143 क्रमांकाचा संकेत मंजूर केला. त्यात असे तत्त्व आहे, की कायदेशीरपणे राहणाऱ्या स्थलांतरित कामगाराला केवळ नोकरी गेली एवढ्याच कारणाने बेकायदा समजता येणार नाही. आपल्या लढ्याचा गाभा हाच आहे: परवाना माणसाचा असावा, मालकाचा नव्हे. परंतु भारत सरकारने हा संकेत स्वीकारलेला नाही. जे आपण स्वतः मान्य केले नाही, ते रियाधला वा दोहाला कोणत्या तोंडाने मागावयाचे?

उलट, सप्टेंबर 2020 मध्ये, साथीच्या ऐन संकटात, आखातात जाणाऱ्या आपल्या कामगारांसाठी ठरविलेले किमान वेतनच भारत सरकारने उतरविले. विरोध झाला आणि जुलै 2021 मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्यापासून दोन गोष्टी शिकाव्यात: मजुरी घसरते ती कधी आपल्याच राजधानीतून, आणि आवाज उठला तर निर्णय फिरतोही.

1983 च्या उत्प्रवासन कायद्याचे संरक्षण मुख्यतः दहावी न झालेल्यांना मिळते. दहावी होऊन, आयटीआयची वेल्डरची किंवा फिटरची सनद घेऊन निघालेला तरुण 'सुशिक्षित' ठरून त्या परवानगीच्या चौकटीबाहेर राहतो. छावणीत मात्र दोघांचे बिछाने शेजारी असतात. हे संरक्षण सर्वांना मिळाले पाहिजे, ही आपली दुसरी मागणी.

मागण्यांबरोबर रोजचे काम आहे, आणि ते आपल्या वस्तीत होऊ शकते. जो कोणी जाणार असेल त्याच्या पासपोर्टची, कराराची आणि पुढे इकाम्याची प्रत घरी आणि संघटनेकडे राहिली पाहिजे. भरती-दलालाला तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर यापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही, हे निघण्याआधीच त्याला माहीत असावे. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी त्याने मालकाला लेखी आठवण द्यावी व तिची प्रत ठेवावी. नूतनीकरणाचे पैसे पगारातून कापले गेले तर त्याची नोंद जपावी. 40 वे कलम त्याच्या बाजूचे आहे. इकामा संपलाच, तर लपून न राहता त्याने कामगार कार्यालयात आणि भारतीय वकिलातीत तक्रार नोंदवावी. संकटातल्या कामगारासाठी वकिलातीकडे कल्याण निधी असतो. प्रवासी भारतीय विमा योजनेचे दहा लाखांचे संरक्षण दोन किंवा तीन वर्षांचे असते. करार वाढतो आणि विमा वाढवायचा राहून जातो, असे होऊ देऊ नये. हे सगळे एकट्याने लक्षात ठेवणे कठीण, म्हणून संघटनेच्या कार्यालयात एक वही असावी: कोण गेला, कोठे गेला, तारीख कोणती.

त्याच वहीत दुसरे पान कंत्राटी मजुरांच्या पासांचे असू द्या. नाताळच्या मजुरांना कोणी वही ठेवून दिली नव्हती, तरी ते उठले. आपल्याजवळ वही आहे, कार्यालय आहे, अनुभव आहे. पहिले नाव लिहिण्याचे काम आज सभा संपताच येथेच सुरू करू.