जामा, चौबगला आणि आपली यादी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' यावर बोलायला सांगितलं होतं. त्या संधी आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. म्हणून मी शिवणावर बोलते. पहिल्या रांगेत शिवणाच्या बाई बसल्या आहेत. बाई, आधी एक कबुली देते. आठवीत माझ्या नमुन्यांच्या वहीला तुम्ही २० पैकी १८ गुण दिले होते. त्यातला एकही टाका माझा नव्हता. सगळे आईचे.

आमचा पुण्यातला किल्ले फिरणारा गट दरवर्षी ६ जूनला रायगडावर जातो. १६७४ साली त्या दिवशी महाराजांचा राज्याभिषेक झाला. गटातले बरेच जण भाड्याचा पोशाख घालून येतात: चकचकीत सॅटिन, प्लॅस्टिकची जर आणि बंदांच्या जागी वेल्क्रो. मला वाटलं, आपण एक तरी जामा त्या काळासारखा करावा. सरदाराचा नको, साध्या कारकुनाचाच. हातमागाचं पांढरं सुती कापड, हातशिलाई, कमरेला भरतकामाचा पटका. जुनी चित्रं बघून लॅपटॉपवर आकृती काढली, गोलाईत कापड कापलं, दोन महिने शिवलं. ते अंगात घालून मी गड चढले, वर पोहोचून घोषणेला हात उंचावला आणि काखेत टर्रकन फाटलं! पुढचा सगळा सोहळा मी डावा हात अंगाला चिकटवून पाहिला.

दिवाळीत इकडे आले तेव्हा तो जामा पिशवीत घालून आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीकडे गेले. तिसऱ्या बाकावर खिडकीपाशी बसायची ती. नाव घ्यायचं नाही असं तिनं बजावलंय. तिचं शिवणाचं दुकान आहे. तिनं जामा उलटा केला, शिवण बघितली आणि म्हणाली, "हाई काय करी टाकं व तू?"

मग तिनं मला जे शिकवलं ते सांगते. हातमागाच्या कापडाचा पन्हा लहान, त्यामुळे कापड मोठ्या गोलाईत कापलं की निम्मं वाया. आमचा पन्हा ३६ इंची. घेराच्या लांबीचे चार तुकडे घ्यायचे, प्रत्येकाचे तीन उभे पट्टे करायचे आणि प्रत्येक पट्टा तिरका कापायचा. एकीचं तोंड वर, दुसरीचं खाली, अशा दोन कळ्या निघतात. झाल्या २४ कळ्या. चिंधीसुद्धा उरत नाही. घेर जवळपास पाच मीटर, आणि सगळा जामा साडेसहा मीटरमध्ये बसला. काखेत चौकोनी तुकडा तिरपा बसवायचा, तो चौबगला. हात वर गेला की तो उघडतो आणि शिवणीवर ताण येत नाही. माझ्या आजोबांच्या बंडीला चौबगला होता. लहानपणी मी तो पाहिलाही होता, पण तो कशासाठी असतो हे कधी विचारलं नाही. बंद तेवढे मी तिला सांगितले. त्या काळच्या चित्रांत हिंदूंच्या जाम्याचे बंद बहुधा डाव्या काखेखाली दिसतात, मुसलमानांच्या उजव्या.

सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपूरला जाताना आपल्या नवापूरवरून गेला. गाव विणकरांनी भरलेलं आहे आणि इथल्या बारीक तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असं त्यानं लिहून ठेवलंय. बऱ्हाणपूरचं तलम कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जायचं. आपण एसटीनं उलट्या करत सुरतेला जायचो ना, त्याच वाटेनं. हे मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "तांदूळ माहीत होता. विणकरांचं नाही शिकवलं कोणी."

पटक्याच्या पदरावरची फुलं मी साखळी टाक्यानं भरत होते. ती शेजारी बसून उसवायला लावायची. तीनदा उसवली. चौथ्या वेळी माप घेता घेता तिनं सहज विचारलं, "शाळेचा मेळावा आहे म्हणे?"

मित्रांनो, या मेळाव्याची यादी मी केली होती. दहावीच्या निकालाच्या कागदावरून उत्तीर्णांची नावं एक्सेलमध्ये चढवली आणि फाइलला नाव दिलं 'सर्व विद्यार्थी'. ती गणितात राहिली होती, म्हणून ती त्यात नव्हतीच. मला उत्तर सुचेना. तिनंही पुढे काही विचारलं नाही, टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

घरी जाऊन मी आठवीच्या हजेरीपटावरून यादी पुन्हा केली. १३ नावं वाढली. नऊ जणांचा पत्ता लागला, त्यातले सहा आज इथे आहेत. ती दुपारी येईल. लग्नसराई आहे, दोन ब्लाउज द्यायचेत म्हणाली.

जामा बाहेरच्या टेबलावर ठेवलाय. बाई, उलटा करून बघा. कळ्या तिनं कापल्यात, पण टाके या वेळी माझे आहेत. राहिलेली चार नावं त्याच टेबलावर कागदावर लिहून ठेवली आहेत. कुणाला त्यांच्याबद्दल काही माहीत असेल तर जेवणाआधी मला गाठा.