दुःखाच्या हाती वाद्य



या शाळेत ज्यांनी आयुष्यभर संगीत शिकविले, त्या गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मी विषय निवडला आहे तो लिव्हरपूलच्या बीटल्स या वाद्यवृंदाचा. बालपणी सोसलेले हाल पुढे संगीतात कसे उतरतात, याचा विचार करण्यास हे उदाहरण मला फार बोलके वाटते.

हे चौघेही १९४० ते १९४३ या काळात, जर्मन बाँबहल्ल्यांनी पोळलेल्या त्या बंदरात जन्मले. जॉन लेननचे आईवडील विभक्त झाले आणि तो मावशीच्या घरी वाढला. आईशी पुन्हा जवळीक जुळत असतानाच, १९५८ साली, मोटारीच्या धडकेने ती गेली. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता. पॉल मॅकार्टनीची आई परिचारिका. १९५६ साली कर्करोगाने ती निवर्तली तेव्हा पॉल चौदा वर्षांचा होता. रिंगो स्टार सहाव्या वर्षी पोटाच्या विकाराने मरणाच्या दारातून परतला. पुढे तेराव्या वर्षी क्षयाने गाठले आणि सुमारे दोन वर्षे रुग्णालयात गेली. शाळा सुटली ती कायमचीच. जॉर्ज हॅरिसनच्या घरात न्हाणीघर नव्हते, शौचकूप मागील अंगणात होता; मात्र त्या घरात माया भरपूर होती.

एवढे ऐकले की दुःखातूनच कला जन्मते, असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. त्या शहरात पोरकी आणि आजारी मुले पुष्कळ होती. दुःख सर्वांच्या वाट्याला आले. वाद्य थोड्यांच्याच हाती आले. ते कोणी दिले, हे पाहिले पाहिजे. जॉनला त्याच्या आईनेच बँजो शिकविला. गिटारवरही तो प्रथम बँजोचेच स्वरमेळ वाजवीत असे. पॉलचे वडील कापसाच्या व्यापारात नोकरीला होते आणि तरुणपणी हौसेने जॅझचा वाद्यवृंद चालवीत. त्यांनी दिलेले ट्रंपेट बदलून पॉलने गिटार घेतली. रुग्णालयात मुलांचे मन रमावे म्हणून वाद्यवृंद होता. रिंगोला तालाची गोडी तेथे लागली. पुढे त्याच्या सावत्र वडिलांनी त्याला ड्रम आणून दिले.

आई गमावल्याचे दुःख आम्हां दोघांना जोडणारे होते, असे मॅकार्टनीने पुढे सांगितले आहे. परंतु लेननने आईचे नाव दिलेले ‘ज्युलिया’ हे गाणे आले १९६८ साली. आणि स्वप्नात दिसलेल्या आईवरून मॅकार्टनीला सुचलेले ‘लेट इट बी’ आले १९७० साली. दुःखाला असा उघड स्वर सापडण्यास दहा ते चौदा वर्षे लागली. मधल्या काळात हात वाजवीत राहिले होते, म्हणूनच तो सापडला.

याच हॅरिसनने १९६६ साली पंडित रविशंकरांकडे सतारीचे धडे घेतले, आणि रविशंकर हे आपल्याच मध्य प्रदेशातील मैहरच्या बाबा अलाउद्दीन खाँ यांचे शिष्य. बाबांनी १९१८च्या सुमारास साथीत पोरकी झालेली मुले गोळा करून मैहर बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांनी नलतरंग घडविले. पोरकेपणामुळे मुले आपोआप गातील, या भरवशावर बाबा राहिले नाहीत. त्यांनी त्यांना शिकविले आणि रियाज करवून घेतला.

मी सातवीत असताना माझे वडील वारले. तेराव्यानंतर शाळेत आलो तेव्हा गुरुजींनी सांत्वनाचा एकही शब्द काढला नाही. “उद्यापासून प्रार्थनेला तबल्यावर तू बस,” एवढेच म्हणाले. मी वादक झालो नाही. पण घरी बसण्याचे मनात असूनही मी दुसऱ्या दिवशी शाळेत आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीही आलो, ते त्या तबल्यासाठी.

आज वेळापत्रकात तासांची ओढाताण झाली की कात्री प्रथम संगीताच्या तासाला लागते. कोणत्या मुलाच्या घरी काल काय घडले, हे शिक्षकांना प्रत्येक वेळी कळतेच असे नाही. म्हणून येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, शाळेला देणगी देताना इमारतीबरोबर पेटी-तबल्याचीही आठवण ठेवावी. आणि शाळेला विनंती की, त्या वाद्यांच्या कपाटाला दिवसा कुलूप नसावे.