बंब, गिझर आणि आपली गच्ची

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांच्या आठवणी माझ्या आधीच्या वक्त्यांनी छान सांगितल्या. मला समितीने ‘ऊर्जा बचत’ हा विषय दिला आहे. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला विषय कोणताही द्या, तो शेवटी हिशेबावरच येणार. म्हणून मी एकाच गोष्टीचा हिशेब मांडतो : आपल्या आंघोळीच्या गरम पाण्याचा. आजच का? तर येत्या सर्वसाधारण सभेपुढे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय आहे. गच्चीवर पुढेमागे काय बसवायचे ते आधी ठरले तर बरे. नंतर भोके पाडली की वरच्या मजल्यावरच्या मंडळींच्या घरात पुन्हा बादल्या मांडाव्या लागतील.

विजेच्या बाबतीत आपला भाग जुना जाणता आहे. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी खाली उतरवून वीज केली, ती मुंबईच्या गिरण्यांना गेली आणि वापरून झालेले पाणी पाताळगंगेत आले. पुढे त्याच नदीच्या काठी रसायनीचे कारखाने उभे राहिले. आयते मिळालेले दोनदा कामाला लावायचे, ही युक्ती आपल्या उशाशीच आहे.

आता हिशेब. वीस लिटरची एक बादली पाणी वीस अंशांनी तापवायला गिझरला जवळजवळ अर्धे युनिट वीज लागते. चार माणसांच्या घरात चार बादल्या, म्हणजे रोज दोन युनिट, महिन्याला साठ. शिवाय महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. त्यामुळे वाचवलेले युनिट नेहमी तुमच्या सर्वांत महागड्या टप्प्यातून वाचते. दुसरी बाजू अशी की आपल्या ४८ घरांत दोन-दोन किलोवॅटचे गिझर सकाळी साडेसहाला एकदम लागले, तर ९६ किलोवॅटचा भार पडतो. मग सकाळी दिवे मंद का होतात म्हणून वायरमनला विचारायला नको.

आमच्या लहानपणी तांब्याचा बंब होता. लाकडे, गोवऱ्या घाला आणि धुरात डोळे चोळा. मग गिझर आला, धूर गेला, बिल आले. आता तिसरी वस्तू आली आहे, तिला हीट पंप म्हणतात. नाव मोठे वाटते, पण तुमच्या घरातला फ्रिज हेच काम करतो. तो आतली उष्णता ओढून मागच्या बाजूला फेकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो. वीज लागते ती फक्त ओढण्यापुरती. त्यामुळे एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता पाण्याला मिळते. साठ युनिटांचे काम विसात होते. हवा जितकी उबदार, तितके त्याचे काम सोपे. आणि आपल्या कोकणपट्टीत उबदार, दमट हवेला काय तोटा! पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा सौर बंब थंड पडतो, हीट पंप पडत नाही.

थंड देशांत घरेसुद्धा याच यंत्राने गरम करतात. अमेरिकेतल्या मेन राज्याने २०१९ साली ठरवले की २०२५ पर्यंत एक लाख हीट पंप बसवायचे. ते उद्दिष्ट २०२३ मध्येच, दोन वर्षे आधी पुरे झाले. तिथे हिवाळ्यात बर्फ पडते, तरी झाले. का? सरकारने नुसती सवलत दिली नाही, बसवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीरही शिकवून तयार केले. स्कॉटलंडचे सरकार घरमालकाला साडेसात हजार पौंडांपर्यंत अनुदान देते आणि वर तेवढेच बिनव्याजी कर्ज. म्हणजे पैसा, कर्ज आणि कारागीर असे तीन पाय. एक पाय तुटला की तिपाई पडते.

आपल्याकडे सरकारने हाच प्रयत्न सौर बंबासाठी केला. २००५ नंतर काही वर्षे व्याजाचा भार केंद्राने उचलला आणि घरगुती ग्राहकाला २ टक्के व्याजाने कर्ज मिळे. मी तेव्हा शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. इतके स्वस्त कर्ज माझ्या नोकरीत दुसरे नव्हते. २०१० च्या राष्ट्रीय सौर मिशनने २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर सौर बंबांचे लक्ष्य ठेवले आणि अनुदान दिले. ते अनुदान २०१४ मध्ये थांबले. कर्नाटकात सौर बंब असलेल्याला वीजबिलात युनिटमागे पन्नास पैसे, महिन्याला जास्तीत जास्त पन्नास रुपये सूट मिळू लागली. बेळगावकडे ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी विचारून पाहावे. पुणे महापालिका सौर यंत्रणा, गांडूळखत, पावसाच्या पाण्याची साठवण असे प्रकल्प करणाऱ्यांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देते.

एवढे करूनही आज चौकपासून मोहोपाड्यापर्यंत गच्च्यांकडे पाहत फिरा. किती तरी सौर बंब नुसते उभे आहेत. नळ्या फुटलेल्या, टाकी गळकी. आपल्या ‘ब’ विंगवरचा त्यातलाच. यंत्र वाईट नव्हते. ज्याने बसवला तो दुरुस्तीला पुन्हा फिरकला नाही, आणि देखभालीसाठी पैसे कोणाच्याच खात्यात नव्हते. मंडळी, माझे म्हणणे एवढेच आहे : सरकारचे अनुदान यंत्राला गच्चीपर्यंत पोहोचवते. दहा वर्षे ते चालू ठेवायचे काम सोसायटीचे.

घरगुती हीट पंपाची किंमत गिझरच्या कित्येक पट आहे आणि त्यासाठी आपल्याकडे मोठी अनुदान योजना नाही. पण सौर विजेसाठी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली, एक कोटी घरांसाठी, ७५,०२१ कोटी रुपयांची. स्वतंत्र घराला तीन किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात. आपल्यासारख्या सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. दहा किलोवॅट बसवले तर १ लाख ८० हजार झाले. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट वीज देतो, म्हणजे दहा किलोवॅटचे १,२०० युनिट. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त.

म्हणून सभेपुढे माझी सूचना तीन पायऱ्यांची आहे. पहिली, वॉटरप्रूफिंगबरोबरच सौर पॅनेलचे पाये घालून घ्यावेत आणि सामाईक मीटरसाठी सूर्यघरचा अर्ज करावा. दुसरी, सामाईक बिलात जी बचत होईल ती मेंटेनन्स कमी करण्यात न घालवता ठराव करून वेगळ्या देखभाल निधीत ठेवावी. तिसरी, वर्षभराने त्या निधीच्या आधारावर एकाच विंगला, ज्यांची तयारी आहे त्याच घरांसाठी, एक सामाईक हीट पंप बसवून पाहावा. कोटेशने तीन घ्यावीत, पण निवडताना किमतीआधी पाच वर्षांच्या देखभालीचा करार पाहावा. आणि मीटरचे आकडे दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावावेत. एक अख्खा पावसाळा जाऊ द्या, मग बाकीच्यांनी ठरवा.

आक्षेप मला ठाऊक आहेत. परवाच पहिल्या मजल्यावरच्या एक ताई म्हणाल्या, “काका, मी एकटी. मला एक बादली लागते. मी सहा माणसांच्या घराइतके का भरू?” बरोबर आहे त्यांचे. म्हणून गरम पाण्याच्या नळीवर घरटी मीटर हवा, जितके वापराल तितके भराल. दुसरा आक्षेप आमच्या घरातूनच आला : पापड, कुरडया कुठे वाळवायच्या? पॅनेलला किलोवॅटमागे साधारण शंभर चौरस फूट लागतात. दहा किलोवॅटला हजार. उरलेली गच्ची महिला मंडळाच्या नावे राखीव, असा ठरावच करून टाका, मी अनुमोदन देतो. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांनाही यात धरा. बिल तेच भरतात.

माझ्या वयाची मंडळी म्हणतील, दहा वर्षांनी फायदा होणार, आपल्याला काय? अहो, जानेवारीच्या पहाटे गरम पाणी सर्वांत जास्त आपल्यालाच लागते! आणि पंचवीस वर्षांपूर्वी आपण समोर झाडे लावली ती कोणासाठी? आज मुले त्यांच्याच सावलीत खेळतात.

सभा सप्टेंबरात आहे. गेल्या वेळी कोरम भरायला अर्धा तास वाट पाहिली होती. या वेळी वेळेवर या, प्रश्न विचारा, विरोध करायचा तर तोही करा, पण गच्ची आपल्या सगळ्यांची आहे, तिचा निर्णय सात-आठ जणांवर सोडू नका.