ब्रेक सोडले तेव्हा

आम्ही चौघी पन्नाशीपुढच्या. इटलीतल्या टोब्लाखहून ऑस्ट्रियातल्या लिएंझपर्यंत द्रावा नदीच्या काठाने सायकलवर गेलो. अंतर सुमारे 45 किलोमीटर. जवळजवळ सगळी वाट मोटारींविना. टोब्लाख साधारण 1,250 मीटर उंचीवर, लिएंझ 670च्या आसपास. म्हणजे बहुतेक उतारच.

तरी आमच्यातल्या एकीची छाती धडधडत होती. सातवीत ट्रकने हूल दिली, तेव्हा तिने सायकल सोडली ती सोडलीच. सुरुवातीला दोन्ही ब्रेक दाबूनच चालवत होती, बोटं आखडली बिचारीची. इनिखेनच्या पुढे ते कधी सुटले, कळलंच नाही. सरहद्दही अशीच मागे पडली.

लिएंझहून सायकलींसकट आगगाडीने परतता येतं. आम्ही तिकिटं काढायला निघालो, तर ही म्हणाली, "पुढच्या गाडीने जाऊ. एक चक्कर मारून येते."