माघाची आंघोळ : नेम पाळू, जीवही सांभाळू

(प्रभागसंघाच्या बैठकीतील भाषण)



बचत, कर्ज, हप्ते यांवर आपण दर महिन्याला बोलतोच. आज माघस्नानाचं बोलू. पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत, ऐन थंडीत, पहाटे उठून नदीवर आंघोळ करायची ही आपल्याकडची जुनी चाल. कोजागिरी ते त्रिपुरी पौर्णिमेचं कार्तिकस्नान ते वेगळंच. वाईचे घाट, कृष्णा-वेण्णेचं संगम माहुली, कराडचा कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, सांगलीजवळ कृष्णा-वारणेचं हरिपूर. आजीचं बोट धरून नात गेली, सासूच्या मागून सून गेली. हा नेम घराघरांतून चालत आला.

त्यात देवाचं पुण्य होतं, तसा बायांचा विसावाही होता. चूल, गोठा, रान यांतून तेवढा वेळ आपला. चार जणी एकत्र जायच्या, सुखदुःख बोलायच्या. आपल्या गटाच्या बैठकीसारखंच की ते!

पण गार पाण्याची ताकद ओळखून असावं. एकदम थंड पाण्यात शिरलं की छाती धपापते, श्वास आपोआप जोरात ओढला जातो, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. पहिली दोन-तीन मिनिटं सगळ्यात धोक्याची. त्याच वेळी डोकं पाण्याखाली असेल तर पाणी थेट छातीत जातं. पोहता येणारी बाईसुद्धा अशा वेळी गांगरते.

म्हणून बुडी आधी नको. पायावर पाणी घ्या, मग हातावर, मानेवर. श्वास शांत झाला की मगच पुढं. कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका. लुगडं भिजलं की जड होतं आणि पायात गुंततं. पायऱ्यांवर शेवाळ असतं. धरणातून पाणी सोडलं की नदी अचानक चढते, तेव्हा भोंगा वाजला किंवा पाणी वाढताना दिसलं की लगेच वर या. एकटीनं कधीच जायचं नाही. अंगात हुडहुडी भरली, बोलणं अडखळायला लागलं, तर ओले कपडे आधी काढा, कोरडं पांघरूण घ्या, शुद्धीवर असेल तर गरम चहा द्या. छातीत दुखलं किंवा कुणी बेशुद्ध पडलं तर वाट बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

बीपी, हृदयविकार, दमा असलेल्या बायांनी आणि गरोदर, नुकत्याच बाळंत झालेल्या लेकीसुनांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आशाताई आपल्याच गावच्या आहेत, उपकेंद्रात बीपी मोजून घ्यायला लाज कसली? आणि सासूबाईंनो, एक विनंती. सून नको म्हणाली तर तिला ओढून नेऊ नका. घरी तांब्याभर गार पाणी अंगावर घेऊन नेम पाळला तरी देव रुसत नाही.

पाण्याचंही बघा. गावाचं सांडपाणी जिथं नदीला मिळतं, तिथून खाली आंघोळ नको. पाण्याला वास येत असेल, फेस असेल, मासे मरून तरंगत असतील, तर त्या दिवशी घरीच आंघोळ करा. अंगावर जखम असेल तरी नदी टाळा. निर्माल्य आणि प्लास्टिक आपणही टाकायचं नाही. कृष्णामाईला माई म्हणायचं आणि तिच्यातच कचरा लोटायचा, हे शोभत नाही.

शेवटची गोष्ट आपल्या हक्काची. कितीतरी घाटांवर बायांना कपडे बदलायला आडोसा नाही. ओल्या लुगड्यानं, गार वाऱ्यात कुडकुडत घरी यावं लागतं. लाजेपोटी आजारपण ओढवून घ्यायचं का? ग्रामसभेच्या आधी महिलासभा होते, तिथं हा विषय मांडा. चार भिंतींचा आडोसा, एक दिवा आणि धरायला लोखंडी साखळी, एवढंच मागणं. प्रत्येक गटानं ठराव लिहून सह्यांनिशी द्यावा, पोच घ्यावी आणि ग्रामसंघाच्या वहीत नोंद ठेवावी.

आपल्या आज्यांनी नेम जपला. तो आपल्या लेकींना निर्धास्तपणे करता यावा, एवढी सोय आपण करून ठेवू.